तोंडी नकार, लेखी हक्क : महाविद्यालयात बोलणं, जमणं आणि संघटना

महाविद्यालयात लिहिणं, बोलणं, जमणं आणि गट काढणं यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. नावं गाळली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही दहा-बारा जण वाचनगट चालवतो. जिमखान्याजवळच्या फलकावर भित्तिपत्रक लावलं. त्यात शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही यावर एक लेख होता. दुसऱ्या दिवशी ते काढून टाकलेलं होतं. प्राचार्य म्हणाले, ‘इथे संघटना काढायला परवानगी नाही.’ घटनेने तर हक्क दिलाय ना? (अनुदानित कला महाविद्यालय, सांगली जिल्हा)

दिलाय. पण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत, आणि प्राचार्यांच्या बोलण्यातही.

गट काढणं ही पहिली गोष्ट. घटनेच्या कलम १९(१)(c) नुसार त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. या हक्कावर सरकार बंधन घालू शकतं, पण कलम १९(४) मधल्या कारणांसाठीच : देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता. तेही कायदा करून. केबिनमधलं तोंडी वाक्य म्हणजे कायदा नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे महाविद्यालयाची मान्यता, खोली, फलक आणि नाव. हे मूलभूत हक्कात आपोआप येत नाही. संघटना काढण्याचा हक्क आहे म्हणून तिचे सगळे हेतू साध्य करून मिळण्याचाही हक्क आहे असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच एका बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर २००३ मध्ये सोजन फ्रान्सिस खटल्यात आवारातल्या राजकीय हालचालींवर बंदी घालण्याचा महाविद्यालयाचा अधिकार मान्य केला. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तो काढणार हे धरून चाला.

मात्र तुमचं महाविद्यालय अनुदानित आहे, आणि विद्यार्थ्यांवरच्या कारवाईबाबत अशा महाविद्यालयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगाविरुद्धची याचिका, करता येतं. म्हणून फलकाचा नियम सर्वांना सारखा हवा. कागदाचा आकार, किती दिवस लावायचं, कुणाची सही घ्यायची हे ठरवायला हरकत नाही. पण कवितांचं भित्तिपत्रक महिनाभर राहतं आणि शिष्यवृत्तीचं एका रात्रीत जातं, तर कलम १४ चा, म्हणजे समान वागणुकीचा मुद्दा उभा राहतो. तुमची सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे. म्हणून फलकावरच्या इतर मजकुराचे तारखेसह फोटो आजच काढून ठेवा.

अर्ज लिहिताना बहुतेक मुलं इथेच चुकतात. ‘वाचनगट स्थापन करण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती’ असं लिहिलं की ज्या गोष्टीला परवानगी लागतच नाही तीही तुम्ही मागून बसता, आणि एका नकारात सगळंच जातं. गट अस्तित्वात आहे असं कळवा. मागायचं ते एवढंच : अमुक वारी अमुक वेळेत खोली, फलकावर अमुक आकाराची जागा, आणि भित्तिपत्रक कोणत्या नियमाखाली काढलं त्या नियमाची प्रत. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कार्यालयाने घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा. सह्या चाळीस असल्या तरी उत्तर कुणाला द्यायचं ते एकच नाव आणि पत्ता ठळक लिहा. आणि चाळीस जणांनी केबिनमध्ये शिरू नये. ‘घेराव’ हा शब्द एकदा अहवालात आला की शिष्यवृत्ती बाजूला पडते आणि चर्चा तुमच्या शिस्तीची होते.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांखालची समिती आहे. संस्थेने स्वतःच्याच नियमांविरुद्ध केलेली कृती या विनियमांत तक्रारीचा विषय ठरते. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालाला ३० दिवसांची मुदत आहे. याच्या जोडीने माहिती अधिकाराचा अर्जही टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘भित्तिपत्रक का काढलं?’ असं विचारू नका, कारण ‘का’ला माहिती अधिकारी उत्तर देत नाहीत. ‘फलकाच्या वापरासंबंधीच्या नियमांची, परिपत्रकांची आणि अमुक तारखेच्या आदेशाची प्रत द्यावी’ असं मागा. असा नियमच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी येईल. तो कागद जपून ठेवा.

गटाच्या नावात महाविद्यालयाचं नाव घालू नका. मे २०१५ मध्ये आयआयटी मद्रासने एका विद्यार्थी अभ्यास मंडळाची मान्यता काढली, तेव्हा वाद संस्थेचं नाव वापरण्याच्या नियमावरच आला होता (जूनमध्ये मान्यता परत मिळाली). टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका पीएचडी विद्यार्थ्याला दिल्लीच्या मोर्चातल्या सहभागावरून २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं. संस्थेचं नाव बॅनरवर असल्याने ते मत संस्थेचंच आहे असा समज होतो, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी केली आणि त्याचं शिक्षण पुन्हा सुरू झालं. तोवर त्याचं वर्ष गेलं होतं. ‘सांगलीतील विद्यार्थ्यांचा वाचनगट’ या नावाला मात्र कुणी हात लावू शकत नाही.

प्रवेशाच्या वेळी ‘मी कोणत्याही संघटनेत किंवा आंदोलनात भाग घेणार नाही’ असं हमीपत्र लिहून घेतलं. त्यावर वडिलांचीही सही आहे. आता काही करता येईल का? (खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी, नाशिक)

मूलभूत हक्क लिहून देऊन सोडता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५८ मध्ये बशेशर नाथ खटल्यात सांगितलं आणि १९८५ मध्ये मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या, म्हणजे ओल्गा टेलिस खटल्यात पुन्हा सांगितलं. सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालय असतं तर एवढंच उत्तर पुरलं असतं.

मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्यसंस्थे’विरुद्ध, म्हणजे सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध, मागता येतात, आणि विनाअनुदानित संस्था त्या व्याख्येत सहसा बसत नाही. कौशल किशोर खटल्यात जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क सरकारबाहेरच्या व्यक्तींविरुद्धही मागता येतात. पण त्या एका वाक्यावर सगळी केस उभी करू नका. जास्त पक्का रस्ता असा : शिक्षण देणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे, आणि ते पार पाडताना घेतलेल्या निर्णयांविरुद्ध, उदाहरणार्थ विद्यार्थ्याला काढून टाकण्याविरुद्ध, कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. शिवाय संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे विद्यापीठाचे परिनियम आणि आयोगाचे विनियम तिलाही लागू आहेत. व्यवहारात भेद असा पडतो : आवाराबाहेर, सुट्टीच्या दिवशी, संस्थेचं नाव न वापरता केलेल्या गोष्टीवर हमीपत्राच्या आधारे शिक्षा टिकणं अवघड. वर्ग बंद पाडण्यावर किंवा प्रयोगशाळेच्या दारात बसण्यावर शिक्षा टिकू शकते, आणि त्यासाठी हमीपत्र लागतही नाही. हमीपत्राची प्रत जवळ नसेल तर मागून घ्या. बऱ्याचदा त्यातली भाषा आठवणीतल्यापेक्षा सौम्य निघते.

इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पुढे शेअर केली. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला. कॉलेजने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर ‘रस्टिकेट’चं पत्र पाठवलं, आणि आता पोलिसात तक्रार करू म्हणतात. पोस्ट डिलीट करू का? (द्वितीय वर्ष, पुणे)

डिलीट करण्याआधी पोस्ट, त्याखालचा मजकूर, वेळ आणि तुमची खाजगी-सार्वजनिक सेटिंग याचे स्वतः स्क्रीनशॉट घ्या. समोरच्याकडे कापलेला तुकडा असेल, तेव्हा पूर्ण संदर्भ तुमच्याकडे हवा. पोलिसांची नोटीस आली असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा लागतो.

महाविद्यालयाच्या पत्राबद्दल तुमच्याच शहरातला निकाल आहे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची पोस्ट पुढे पाठवली आणि थोड्या वेळात काढूनही टाकली. तिला अटक झाली, महाविद्यालयाने काढूनही टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका करण्याचे आदेश दिले आणि काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला. तिची बाजू न ऐकताच तो काढला होता. तिला परीक्षेला बसू द्यावं असंही न्यायालयाने सांगितलं. तुमच्या पत्रावरून दिसतं ते प्रकरणही त्याच वाटेचं आहे.

शिस्तीची कारवाई टिकायची तर किमान एवढं लागतं : नेमका आरोप आणि नियम सांगणारी कारणे दाखवा नोटीस, ज्यावर आरोप उभा आहे तो पुरावा पाहायला मिळणं, उत्तर द्यायला पुरेसे दिवस, बाजू ऐकून घेणं, आणि कारणांसह लेखी आदेश. ‘संस्थेची बदनामी झाली’ एवढ्या वाक्याला नेमका आरोप म्हणत नाहीत. पण मुलं ज्यावर भिस्त ठेवतात त्या दोन गोष्टी कायद्यात नाहीत, तेही सांगायला हवं. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा हक्क प्रत्येक वेळी मिळत नाही. १९७३ मध्ये हिरानाथ मिश्रा खटल्यात वसतिगृहातल्या मुलींच्या तक्रारीवर झालेली कारवाई त्याशिवाय टिकली. आणि चौकशीनंतर शिक्षेबद्दल पुन्हा वेगळी नोटीस मिळायलाच हवी असंही नाही.

तुम्ही आज करायचं ते असं : पत्राला ईमेलने उत्तर द्या, आरोप मान्य नाही आणि सुनावणी झालेली नाही हे दोन मुद्दे लिहा, नियमाची आणि पुराव्याची प्रत मागा. ‘चूक झाली, माफ करा’ असा माफीनामा दडपणाखाली लिहून देऊ नका. तोच पुढे कबुलीजबाब म्हणून जोडला जातो. दुखावलेल्यांबद्दल खरोखर वाईट वाटत असेल तर तेवढंच लिहा, नियम मोडल्याचं लिहू नका. परीक्षा जवळ असेल तर तक्रार समितीच्या १५ दिवसांची वाट पाहू नका, थेट उच्च न्यायालयात अंतरिम दिलासा मागा. प्रवेशपत्र हातातून गेल्यावर आलेला निकाल पुढच्या वर्षीच उपयोगी पडतो.

पोलिसांचं. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ आता नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. त्या खटल्याच्या मुळाशी २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून झालेली अटक होती. त्या निकालातली विभागणी लक्षात ठेवा : चर्चा करणं आणि एखादं मत मांडणं, ते कितीही नावडतं असलं तरी, संरक्षित आहे, चिथावणीपाशी कायद्याचा हात सुरू होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांच्यावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला होता. कलम ३७० हटवण्यावर टीका आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा, एवढाच मजकूर होता. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजताना हळव्या, डळमळीत मनाच्या माणसाचं नव्हे तर समंजस आणि खंबीर माणसाचं माप लावायचं, हे सूत्र मूळ जुन्या नागपूर उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचं. ते आजही वापरलं जातं.

तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(३) मध्ये आहे. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार असेल तर सहसा ही चौकशी आधी करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सांगितलं. दोन समाजांत तेढ निर्माण करण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ शिक्षेच्या या टप्प्यात बसतं, देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोचवण्याचं कलम १५२ बसत नाही कारण त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. तेव्हा तक्रारीत कलम कोणतं आहे ते आधी पाहा.

आमच्याकडे जीएसची (विद्यार्थी सरचिटणीसाची) निवडणूकच होत नाही. बाबा सांगतात की त्यांच्या वेळी व्हायची. कायद्यानेच बंद आहे का? आणि झाली तर मला उभं राहता येईल का? मागच्या सत्रातला एक विषय राहिला आहे. (लातूर)

कायद्याने बंद नाही, उलट कायद्यात आहे. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर थेट निवडणुका थांबल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा मतदान आणलं. २०१९ मध्ये तयारीही झाली होती, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती थांबवली आणि मग कोविड आला. आमच्या मते यात विद्यार्थ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, झालं, कारण विद्यापीठ परिषदेच्या अध्यक्षाला तिथे जागा असते, आणि शुल्क-परीक्षांवर तिथे बोलता येतं.

उमेदवारीचं माप विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. पदवीसाठी वय १७ ते २२, संशोधकांसाठी २८ पर्यंत. ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली हजेरी. खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब. छापील पोस्टर चालत नाही, फक्त हाताने केलेलं, तेही नेमून दिलेल्या जागी. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं. निवडणुकीच्या वर्षात विषय राहिलेला नसावा अशीही अट आहे, तेव्हा तुमचा तो विषय आधी सोडवा. अर्ज बाद होण्याची कारणं बहुधा हीच असतात : हजेरी, राहिलेला विषय आणि छापील बॅनर.

संविधान चौकात शांतपणे फलक घेऊन उभं राहायचं होतं. आदल्या रात्री पोलिसांनी ‘१४९’ची नोटीस दिली. म्हणजे बंदी झाली का? (नागपूर)

नाही. १४९ हे जुन्या दंड प्रक्रिया संहितेतलं कलम, आणि ती संहिता आता गेली. आज तीच नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची असते. काही घडलं तर तुम्हाला जबाबदार धरू, एवढाच तिचा अर्थ. बंदीचा आदेश वेगळा असतो : कलम १६३ चा (पूर्वीचं १४४, साधारण दोन महिन्यांपर्यंत) किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा. हा दुसरा शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. नोटीस घेतल्याची सही करा, पण वर ‘मजकूर मान्य नाही, प्रत मिळाली’ असं लिहा. आणि जमावबंदीच्या आदेशाची प्रत मागा. त्यात तारीख, हद्द आणि सवलती असतात. महाविद्यालयाच्या आतला कार्यक्रम बऱ्याचदा त्या सवलतींत येतो.

पोलीस ठाण्याला आधी कळवणं शहाणपणाचं : जागा, वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार व्यक्तींचे फोन. स्पीकरची परवानगी वेगळी काढावी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. आमचा सल्ला, स्पीकर घेऊच नका. फलकांवरून उद्भवत नाहीत एवढे गुन्हे स्पीकरवरून उद्भवतात.

ताब्यात घेतलंच तर बहुतेक वेळा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली गाडीत बसवतात आणि संध्याकाळी सोडतात. अटक झाली तर कारण कळवायलाच हवं, नातेवाइकाला सांगायला हवं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायला हवं. सूर्यास्तानंतर मुलींना अटक अपवादानेच होते, तीही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. सोडताना दिलेल्या कागदावर सही करण्याआधी वाचा : ताब्यात घेऊन सोडलं की गुन्हा नोंदवला, हे त्यावरूनच कळतं, आणि पुढे पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तेवढाच फरक महत्त्वाचा ठरतो.

मोर्चाला गेल्याच्या दिवसाची हजेरी मिळते का? (बीड)

नाही. तसा कुठलाही नियम नाही. पण हजेरी पुरेशी असताना ‘मोर्चाला गेलास’ म्हणून प्रवेशपत्र अडवणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षेला वर सांगितलेली नोटीस लागते.

मुलगी अमेरिकेत एमएस करते. विद्यापीठातल्या एका विद्यार्थी गटात आहे. तिथे तर बोलायला पूर्ण मोकळीक असते म्हणतात. काळजी करावी का? (पालक, ठाणे)

विद्यापीठ सरकारी की खासगी, हे आधी विचारा. भाषणस्वातंत्र्य देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, म्हणून राज्य विद्यापीठांना लागू होते. खासगी विद्यापीठात हक्क येतात ते त्याच्या विद्यार्थी-नियमावलीतल्या आश्वासनांतून. कॅलिफोर्निया त्याला अपवाद आहे. तिथे १९९२ चा लेनर्ड कायदा धार्मिक नसलेल्या खासगी महाविद्यालयांनाही तेच बंधन घालतो.

राज्य विद्यापीठात संरक्षण आपल्यापेक्षा बरंच पुढचं आहे. मान्यता हा प्रश्न, जो सांगलीच्या मुलांना अडतो, तिथे १९७२ च्या हीली विरुद्ध जेम्स खटल्यात सुटला : गटाची मतं पटत नाहीत म्हणून सरकारी महाविद्यालय त्याला मान्यता नाकारू शकत नाही. १९८१ च्या निकालानुसार इतर गटांना खोल्या मिळत असतील तर धार्मिक गटालाही द्याव्या लागतात. २००० च्या साउथवर्थ निकालाने विद्यार्थी शुल्कातले पैसे वाटताना मत पाहायचं नाही असं ठरवलं. वेळ, जागा आणि पद्धत यांवर मात्र बंधनं चालतात : रात्री तंबू ठोकणं, इमारतीची वाट अडवणं, परीक्षेच्या वेळी भोंगा. तिथे मुलं अडकतात ती बहुतेक यातच.

काळजी करायची ती वेगळ्या कारणाने. विद्यापीठ शिक्षा करू शकत नाही, याचा अर्थ व्हिसा सुरक्षित आहे असा नाही. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये अनेक परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आणि सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद-प्रणालीतल्या नोंदी बंद केल्या गेल्या. दावे लागल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी परत सुरू केल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संशोधक विद्यार्थिनीला, विद्यार्थी वृत्तपत्रातल्या लेखावर तिचं नाव होतं या पार्श्वभूमीवर, आठवडेच्या आठवडे कोठडीत राहावं लागलं. न्यायालयाने मेमध्ये सोडलं. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे (विद्यार्थी आणि देवाणघेवाण) व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे, आणि अर्जात मागच्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. त्यातलं एखादं गाळलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, जो मूळ पोस्टपेक्षा जड पडतो.

मुलीने करायचं ते एवढं : अटक होईल अशा कृतीपासून, म्हणजे बेकायदा प्रवेश किंवा वाट अडवणं, लांब राहावं, कारण आरोप मागे घेतला तरी अटकेची नोंद व्हिसा खात्याकडे पोचते. काही घडलं तर विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवावं. भारतात येऊन परत जायचं असेल आणि व्हिसावर नवा शिक्का लागणार असेल, तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. बरीच विद्यापीठं विद्यार्थ्यांना असा सल्ला विनाशुल्क देतात.